कानावर पडणे आणि कान देणे

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक ३७ वर्षांचे आहेत, डोंबिवलीत राहतात आणि दादरमधल्या एका वास्तुविशारदांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन आहेत. शाळेत असताना त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला आणि त्यातल्या धुना डोक्यात बसल्या त्या कायमच्या. पुढे कॉलेजात असताना एका मित्राकडे भुताटकीच्या खेळात बीथोवनचा ‘मूनलाइट सोनाटा’ ऐकला, तिथून पियानोची गोडी लागली आणि पियानोच्या नादाने ते शोपाँ, साती आणि बाख यांच्यापर्यंत पोहोचले. गेली दहा-बारा वर्षे लोकलच्या प्रवासात आणि कचेरीत नकाशे काढताना, मिळून दिवसाचे सहा-सात तास, ते हेच ऐकतात. वाद्य वाजवता येत नाही, नोटेशन वाचता येत नाही, हार्मनी म्हणजे काय ते सांगता येत नाही, असे ते लिहितात. यंदा गणपतीत सगळे घर जमलेले असताना त्यांच्या मेहुण्यांनी, जे तबल्यात विशारद आहेत, त्यांच्या फोनवरची यादी चाळली आणि सर्वांसमोर म्हटले, ‘‘याला ऐकणे म्हणत नाहीत, कानावर पडणे म्हणतात. आणि ही परक्यांच्या खेळण्यातली टुणटुण तर संगीतच नव्हे.’’ तेव्हापासून हेडफोन लावताना त्यांना अपराधी वाटते. त्यातच पत्नीने वाढदिवसाची भेट म्हणून नरिमन पॉइंटच्या एका सभागृहात होणाऱ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे काढली आहेत. जाणकारांच्या गर्दीत आपले अज्ञान उघडे पडेल, टाळी भलत्या जागी वाजेल, या धास्तीने काहीतरी सबब सांगून ते टाळावे असे त्यांच्या मनात आहे. आधी पियानोचा क्लास लावून दोन-तीन परीक्षा द्याव्यात आणि मगच अशा ठिकाणी पाऊल ठेवावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोन वेळा वाचले. पहिल्या वेळी मला तुमच्या मेहुण्यांचा राग आला. दुसऱ्या वेळी त्यांच्या बोलण्याचा पूर्वार्ध तितकासा चुकीचा नाही असे वाटू लागले आणि उत्तरार्ध साफ चुकीचा आहे याची खात्री पटली. दोन्हींबद्दल लिहिते, पण त्याआधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे, कारण ती लिहिताना तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही.

‘मला त्यातले काही कळत नाही’ असे तुम्ही चार ठिकाणी लिहिले आहे. आणि तिसऱ्या पानावर, आठवण सांगण्याच्या ओघात, असेही लिहिले आहे की खेळातला मारिओ उडी मारायचा किंवा नाणे उचलायचा तेव्हा मागच्या धुनेतला एखादा सूर गिळला गेल्यासारखा वाटायचा आणि आपले मशीन स्वस्तातले असल्यामुळे असे होत असेल, अशी तुमची समजूत होती. मशीन स्वस्तातले असेलही, पण दोष त्याचा नव्हता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर आलेले ते टीव्ही गेम बहुतेक करून निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होत्या आणि त्या यंत्राच्या ध्वनीच्या चिपमधून एका वेळी जेमतेम पाच आवाज निघत. दोन चौकोनी लहरींचे, ज्यांवर चाल आणि तिची साथ वाजे. एक त्रिकोणी लहरीचा, जो खर्जाचे काम करी. एक नुसत्या खरखरीचा, ज्यातून तालवाद्याचा आभास निर्माण केला जाई. आणि पाचवा ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. उडीच्या आणि नाण्याच्या आवाजाला वेगळी जागाच नव्हती, त्यामुळे ते वाजले की चालीचा किंवा साथीचा आवाज तेवढ्यापुरता बाजूला सारला जाई. म्हणजे तो सूर खरोखरच गिळला जात होता आणि दहा-अकरा वर्षांच्या, संगीताचे कोणतेही शिक्षण नसलेल्या मुलाला तो कळत होता. ज्याच्या नुसते कानावर पडते त्याला गळलेला सूर जाणवत नाही. धून पाठ झाल्याशिवाय तिच्यातली उणीव ऐकू येत नाही. आपल्याकडे तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे असे म्हणतात. तुमची त्या वाटेवरची नोंदणी त्या टीव्ही गेमसमोर बसूनच झालेली आहे.

आता मेहुण्यांच्या बोलण्याचा उत्तरार्ध. ते तबला शिकले आहेत, म्हणजे लेहऱ्यावर त्यांनी आयुष्यातले शेकडो तास काढले असणार. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. वादक कायदा वाजवो, रेला वाजवो की गत, ती आपली जागा सोडत नाही. सम कुठे आहे एवढे सांगत राहते. तिने लक्ष वेधून घेतले तर वादकाचे काम बिघडते आणि ती अगदीच रटाळ असली तर अर्ध्या तासात वादकासह सगळे पेंगायला लागतात. कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत केले तेव्हा त्यांच्यापुढे जवळजवळ हेच काम होते. कोणता मुलगा एकाच खड्ड्यात किती वेळा पडणार आहे ते संगीतकाराला ठाऊक नसते, त्यामुळे धून अशी लागते की ती कुठेही तुटली तरी चालावी, शेवटाकडून सुरुवातीकडे नकळत वळावी आणि शंभराव्यांदा ऐकतानाही नकोशी होऊ नये. जमिनीवर असताना एक उड्या मारणारा ठेका, भुयारात शिरले की दबक्या पावलांची सुरावट, पाण्याखाली गेले की तीन-तीन मात्रांचा वॉल्ट्झ, जो आपल्या दादऱ्याच्या अंगाने डुलतो. आणि उरलेली वेळ शंभराच्या खाली आली की तीच धून चढ्या लयीत पळू लागते. तुलना सगळीकडे जुळत नाही हे मान्य आहे, कारण लेहरा वादकाच्या इशाऱ्याने चढतो आणि इथे धूनच खेळणाऱ्याला पळवते. तरीही लेहऱ्याला कोणी ‘टुणटुण’ म्हणाले तर मेहुण्यांना काय वाटेल, हे त्यांना एकदा शांतपणे विचारून पाहा. मला खात्री आहे की वाद होण्याऐवजी ते अर्धा तास लेहऱ्यावर बोलत बसतील.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या आपल्या राष्ट्रीय नोंदवहीत मारिओची धून घेतली. व्हिडिओ गेमचे संगीत त्या नोंदवहीत येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्रॉम्स या अभिजात संगीताच्या महोत्सवात एक संपूर्ण संध्याकाळ खेळांच्या संगीतासाठी दिली गेली. हे मी इतर वाचकांच्या माहितीसाठी लिहिते आहे. गणपतीतल्या वादावर उतारा म्हणून ते वापरू नका. शंभर संस्थांनी शिक्के मारले तरी ज्याला एखादी धून रुचत नाही त्याला ती रुचत नाही आणि तसा त्याला अधिकार आहे. शिवाय खेळांमधले सगळेच संगीत चांगले असते असे तुम्हालाही म्हणायचे नसेल. त्यात जागा भरण्यापुरते वाजवलेले ढोल आणि तुतारीसारखी फुंकणारी वाद्ये पुष्कळ असतात आणि माझा भाचा ज्या लढाईच्या खेळांत बुडालेला असतो त्यांतल्या बऱ्याच धुना मला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

‘परके’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले आणि ती गाणी तुमच्या-माझ्या घरात गेली सत्तर-ऐंशी वर्षे आपलीच म्हणून वाजत आहेत. ‘छाया’ या १९६१ सालच्या चित्रपटातले ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ हे गाणे मेहुण्यांना नक्की ठाऊक असेल. सलील चौधरींनी त्याचा मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून घेतला आहे. ती सिंफनी कोणाची हे न सांगता त्यांना ऐकवा. पहिल्या काही सेकंदांत ते गुणगुणू लागतील.

पूर्वार्धाकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. काम करता करता संगीत ऐकणे हे कमी दर्जाचे ऐकणे आहे, असे तुमच्या मेहुण्यांनी गृहीत धरले आणि तुम्हीही ते निमूटपणे मान्य केले. वास्तविक ज्याला आपण आज हात जोडून ‘अभिजात’ म्हणतो, त्यातले बरेचसे संगीत लोक जेवत, बोलत, फिरत असताना वाजवण्यासाठीच लिहिलेले आहे. जर्मनीत टेलेमान या संगीतकाराने १७३३ साली ‘टाफेलम्यूझिक’ म्हणजे चक्क जेवणाच्या टेबलाचे संगीत या नावाने मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आणि ज्या एरिक सातींच्या १८८८ सालच्या ‘जिम्नोपेदी’ तुम्ही रात्री झोपताना लावता, त्यांनी तर पुढे ‘फर्निचरचे संगीत’ अशी कल्पनाच मांडली होती. खोलीतल्या खुर्चीकडे कोणी टक लावून पाहत नाही, तसे हे संगीत खोलीत नुसते असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. १९२० साली पॅरिसमधल्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले गेले आणि प्रेक्षकांनी त्याकडे मुळीच लक्ष देऊ नये, अशी त्यांना आधीच विनंती केली होती. झाले उलटेच. वाद्ये सुरू होताच उठलेले लोक आपापल्या जागी परत आले आणि शांतपणे ऐकू लागले. साती बिचारे ‘बोला, फिरा, ऐकू नका’ असे सांगत त्यांच्यामधून हिंडत राहिले.

या गोष्टीत तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. संगीत कशासाठी लिहिले गेले आणि ते कसे ऐकले जाते, यांचे नाते पक्के बांधलेले नाही. तोच श्रोता, तीच रचना, कधी कानावर पडते आणि कधी तिला कान दिला जातो. यांतली दुसरी गोष्ट पवित्र आणि पहिली पाप, असे मला वाटत नाही. परंतु तुमच्या दिवसाचा हिशेब पाहिला तर सहा-सात तास पहिलीच चालू आहे आणि दुसरीला जागाच उरलेली नाही. तुम्ही लिहिता की हल्ली पूर्वीसारखी मजा येत नाही आणि त्याचे खापर तुम्ही मेहुण्यांच्या शेऱ्यावर फोडता. मला वाटते, शेरा नसता तरी हे झालेच असते. छताच्या पंख्याचा आवाज तो बंद झाल्यावरच जाणवतो, तसे सतत वाजणाऱ्या पियानोचे होते. तुम्हाला आवडणाऱ्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचेच पाहा. त्यातली धून सलग वाजत नाही. ती येते, काही मिनिटे राहते, मग बराच वेळ नुसती शांतता असते आणि आपण विसरून गेलेलो असताना पियानोचे दोन-चार सूर पुन्हा कुठून तरी येतात. तुमच्या कचेरीतल्या दिवसालाही अशा रिकाम्या जागा द्या. सकाळचे दोन तास लावा, दुपारी बंद ठेवा, मोजमापे तपासण्याचे काम असेल तेव्हा तर नकोच.

आणि दिवसातून एकदा, पाच मिनिटे, दुसरे काहीही न करता एक रचना ऐका. कुठून सुरुवात करावी हेही सांगते. शोपाँच्या चोवीस प्रिल्यूडांचा, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनांचा, संच आहे, ओपस २८ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक). त्यातला चौथा, ई मायनरमधला घ्या. तो दोन-अडीच मिनिटांचा आहे आणि कागदावर फक्त पंचवीस मापांचा, म्हणजे तालाच्या पंचवीस घरांचा. पहिल्या दिवशी फक्त उजवा हात ऐका. तुमच्या लक्षात येईल की चाल म्हणावी असे तिथे जवळजवळ काहीच घडत नाही. तो एका सुरावर थांबतो, त्याच्या लगतच्या सुराला स्पर्श करतो, परत येतो आणि कितीतरी वेळ तिथेच घुटमळतो. दुसऱ्या दिवशी डावा हात ऐका. तो एकसारख्या ठोक्यांनी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबलेले काही सूर, वाजवतो, पण त्या कॉर्डमधला कधी हा सूर, कधी तो सूर अर्ध्या सुराने खाली सरकतो, जिन्याची एकेक पायरी अंधारात चाचपत उतरावी तसा. तिसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र ऐका. वरचा सूर तोच आहे, पण खालची जमीन सरकत असल्यामुळे तो दर वेळी निराळा भासतो, हे तुम्हाला ऐकू येईल. ज्याला लोक हार्मनी म्हणतात आणि जी तुम्हाला ‘सांगता येत नाही’, ती हीच. तिचे नाव नंतर शिकता येते. शोपाँच्या अंत्ययात्रेच्या वेळी, १८४९ साली, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हा प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला होता. आणि २०१२ सालच्या ‘फेझ’ या खेळात हाच प्रिल्यूड सिंथेसायझरच्या आवाजात येतो. दोन्ही ठिकाणी तो शोभतो, म्हणून तुमच्या यादीत शोपाँ आणि व्हिडिओ गेम शेजारी-शेजारी आहेत याची लाज बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

लोकलच्या प्रवासाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, जी हेडफोन लावणाऱ्या प्रत्येक वाचकाने ध्यानात घ्यावी. पियानोच्या संगीतात अगदी हळू आणि अगदी मोठा यांतले अंतर फार असते. गाडीच्या खडखडाटात हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढच्याच क्षणी मोठा भाग कानावर येऊन आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी आहे. तुमचे सहा-सात तास कामाच्या सहा दिवसांनी गुणले तर तुम्ही त्या काठावरच उभे आहात, तेही आवाज ८० च्या आत असला तर. आणि कुर्ल्यापुढच्या गर्दीत तो तसा असेल असे मला वाटत नाही. तेव्हा गाडीत जुन्या खेळांच्या धुना ऐका, कारण त्या चिपमधल्या आवाजांत चढ-उतार फारसा नसतो आणि थोड्या आवाजातही त्या स्पष्ट ऐकू येतात. शोपाँ घरी, रात्री, स्वयंपाकघरातली भांडी थांबल्यावर.

दुसरी व्यवहाराची गोष्ट नावांची. ‘झोपेसाठी पियानो’, ‘पावसाळी दुपार’ अशा तयार याद्यांमधून ऐकले की रचना कोणाची, मोठ्या कामाचा हा कितवा भाग आणि वाजवले कोणी, यांतले काहीच हाती लागत नाही. दहा वर्षे ऐकूनही ‘मला काही कळत नाही’ असे वाटण्यामागे या याद्यांचा मोठा हात आहे. एक लहान वही करा. तीत रचनेचे नाव, तिचा क्रमांक आणि वादक एवढेच लिहायचे. क्रमांक रुक्ष दिसतात, पण ते घरपत्त्यासारखे असतात: शोपाँ आणि बीथोवन यांच्या रचनांना ओपस, मोझार्टच्या रचनांना कोशेल या अभ्यासकाने १८६२ साली केलेल्या सूचीचा ‘के’, बाखच्या रचनांना ‘बीडब्ल्यूव्ही’. नावे मात्र अनेकदा इतरांनी चिकटवलेली असतात. तुमच्या ‘मूनलाइट’मध्ये बीथोवनने चंद्र घातलेला नाही. १८०१ साली लिहिलेल्या त्या सोनाट्याला त्याने ‘जवळजवळ स्वैरकल्पनाच’ अशा अर्थाचे शीर्षक दिले होते आणि चांदण्यातल्या सरोवराची उपमा एका समीक्षकाने नंतर दिली. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्ही त्याचा पहिलाच भाग ऐकला आहे असे दिसते. तिसरा ऐका, पण झोपताना नको. वादकाच्या नावाचे महत्त्व पटवायला एकच उदाहरण देते. कॅनडाच्या ग्लेन गूल्ड यांनी बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ साली ध्वनिमुद्रित केले ते सुमारे ३८ मिनिटांचे आणि १९८१ साली पुन्हा केले ते सुमारे ५१ मिनिटांचे. कागदावरचे सूर तेच, माणूसही तोच. एकाच गायकाची एकच बंदिश तारुण्यात आणि उतारवयात ऐकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

पियानोचा क्लास लावावा का? लावा, जर बोटांना वाजवायची हौस असेल तर. सदतिसाव्या वर्षी सुरू करणारे पुष्कळ असतात आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा एबीआरएसएम या तिथल्याच संगीत परीक्षा मंडळाच्या ग्रेड परीक्षांना वयाची अट आडवी येत नाही. पण तुमच्या पत्रात वाजवण्याच्या इच्छेचे एकही वाक्य मला सापडले नाही. जे आहे ते सगळे ‘मग मला कोणी बोलणार नाही’ या अर्थाचे आहे. ऐकण्याचा परवाना मिळावा म्हणून परीक्षा देणे मला तितकेसे पटत नाही. परवाना देणारे कार्यालय अस्तित्वात नाही, त्यामुळे तिसरी ग्रेड झाली की तुम्ही पाचवीची वाट पाहाल. तुमच्या त्या भुताटकीच्या खेळात, म्हणजे १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये, बंगल्यातल्या एका खोलीत पियानो आहे आणि ‘मूनलाइट’ वाजवल्याशिवाय गुप्त दार उघडत नाही. माझ्या भाच्याने मला दाखवले की जिल हे पात्र निवडले तर ती बसते आणि वाजवते; ख्रिस निवडला तर त्याला ते जमत नाही, त्याची तरुण सहकारी रेबेका अडखळत सुरुवात करते, ‘मला सराव करू दे’ म्हणते आणि ख्रिसला बाहेर फिरून परत यावे लागते. वाजवणारा आणि त्याची वाट पाहणारा, दोघेही त्या दारातून आत जातात. तुम्ही आजवर ख्रिसच्या भूमिकेत आहात आणि ती भूमिका वाईट नाही. तरीही वाटलेच, तर लगेच मोठा कीबोर्ड विकत घेऊ नका. एखाद्या ओळखीच्याकडून महिनाभर मागून आणा, त्या चौथ्या प्रिल्यूडच्या उजव्या हातातले पहिले चार-पाच सूर पट्ट्यांवर शोधा आणि महिन्यानंतरही हात तिकडे वळत असेल तर शिक्षक शोधा.

आता तिकिटे. ती परत करू नका. टाळी चुकीच्या जागी पडेल याची जी धास्ती तुम्हाला आहे, ती मोझार्टला समजली नसती. १७७८ च्या जुलैमध्ये त्याने पॅरिसहून वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या नव्या सिंफनीच्या पहिल्याच भागाच्या मध्ये एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होते, ती आली आणि लोकांनी तिथल्या तिथे टाळ्यांचा कडकडाट केला, हे तो आनंदाने सांगतो. आणि सिंफनी संपताच त्या खुशीत जाऊन आइसक्रीम खाल्ले, हेही. आठ वर्षांनी व्हिएन्नात त्याच्या ‘फिगारो’ या ऑपेराला इतके वन्स मोर मिळू लागले की खेळ लांबतो म्हणून सम्राटाला त्यांवर मर्यादा घालणारा हुकूम काढावा लागला. ज्या मराठी प्रेक्षकाने संगीत नाटकात एकेका पदाला वन्स मोर घेतले आणि जो आजही बैठकीत चांगल्या जागेला तिथल्या तिथे ‘क्या बात है’ म्हणतो, त्याला मोझार्टचा प्रेक्षक घरचाच वाटावा. सगळे संपेपर्यंत श्वास रोखून बसण्याची रीत त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजलेली. आज ती रीत आहे, तर ती पाळावी, कारण शेजारच्या माणसाला शांतता हवी असते; पण ती पाळणे अगदी सोपे आहे. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात, कन्चेर्तोचे (म्हणजे एक वादक पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशा रचनेचे) तीन, आणि कार्यक्रमपत्रिकेत ते छापलेले असतात. ते मोजता मोजता चुकले तरी हरकत नाही. संचालकाचे हात खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबायचे, एवढे पुरते. आणि चुकून आधी वाजलीच, तर दोन-चार माना वळतील आणि पुन्हा समोर होतील.

जाण्याआधी आठवडाभर पत्रिकेतली एकच रचना, जी सर्वांत लांब असेल ती, तीन वेळा ऐका. बाकीच्या मुद्दाम ऐकू नका, काहीतरी अनोळखी राहू द्या. आत गेल्यावर पहिला धक्का बसेल तो आवाज लहान असण्याचा. हेडफोनची सवय असलेल्या कानांना ध्वनिवर्धकाशिवाय वाजणारा वाद्यवृंद पहिली पाच मिनिटे दूरचा वाटतो, मग कान मोठे होतात. सुरुवातीला ओबो, म्हणजे सनईची पाश्चात्त्य बहीण, एक सूर धरते आणि सगळे तिच्याशी वाद्ये जुळवून घेतात. तानपुरा लागताना ऐकण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हे चुकवू नये, म्हणून दहा मिनिटे आधी जागेवर बसा. जाणकारांच्या गर्दीची भीती तर सोडूनच द्या. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा मुंबईतला वाद्यवृंद २००६ साली सुरू झाला, तेव्हापासून मी अधूनमधून अशा कार्यक्रमांना जाते. मध्यंतरात कानावर येणाऱ्या गप्पा बहुतांशी पार्किंगच्या आणि कॉफीच्या रांगेच्या असतात.

शेवटी, तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट. सहा पानांमध्ये मेहुणे आहेत, मित्र आहे, तुम्ही स्वतः आहात. परंतु ज्यांनी तिकिटे काढली त्या तुमच्या पत्नीला हे संगीत आवडते की नाही, याबद्दल एक ओळही नाही. दहा वर्षे तुम्ही हेडफोन लावून ऐकता आहात, म्हणजे घरात ते त्यांच्या कानावरही कधी पडलेले नसेल. कदाचित तुम्ही काय ऐकता ते त्यांनाही एकदा ऐकायचे असेल. कार्यक्रम सुटल्यावर टॅक्सीने सीएसएमटी गाठा. कल्याणच्या गाड्या उशिरापर्यंत असतात आणि त्या वेळी दोघांना शेजारी बसायला जागा मिळते. हेडफोन घरीच ठेवून निघा.